देश एकच, मग पासपोर्ट कशाला?

पॅरिसहून रियुनियनला जाणारं विमान सुमारे ११ तास उडतं आणि ९,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून थेट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारी उतरतं. उतरल्यावरही आपण फ्रान्समध्येच असतो. चलन युरो, कायदे फ्रान्सचे. मग हा प्रवास देशांतर्गतच ना? राजकीयदृष्ट्या होय. कागदपत्रांच्या दृष्टीने मात्र या उत्तरावर विसंबून राहिलात, तर विमानतळावरूनच परत फिरायची वेळ येऊ शकते.

गैरसमज : शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसावर, फ्रान्सचा कुठलाही भाग पाहता येतो.

वस्तुस्थिती : शेंगेन करार फ्रान्सच्या फक्त युरोपातल्या भूमीला लागू आहे. रियुनियन, ग्वाडेलूप, मार्टिनिक ही बेटं आणि फ्रेंच गयाना त्याबाहेर आहेत. त्यामुळे फ्रेंच नागरिकाचं काम ओळखपत्रावर भागतं, पण भारतीय पासपोर्टवर नुसता शेंगेन व्हिसा असून चालेलच असं नाही. शिवाय पॅरिसहून रियुनियनला निघालात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, अशी नोंद होते. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर त्यावर युरोपात पुन्हा शिरता येत नाही. डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलंड आणि फेरो बेटंही शेंगेनमध्ये नाहीत. तिथे जायचं, तर व्हिसावर तसा स्पष्ट उल्लेख लागतो.

गैरसमज : विमान देशांतर्गत असलं की सुरक्षा तपासणी झाली, संपलं.

वस्तुस्थिती : पोर्टो रिकोहून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जाताना पासपोर्टचा शिक्का लागत नाही, सीमाशुल्कही नाही. पण सान हुआनच्या विमानतळावर अमेरिकी कृषी खात्याची माणसं तुमच्या बॅगा यंत्रातून तपासतात आणि मगच त्यांवर स्टिकर लावतात. बेटावरची कीड मुख्य भूमीवरच्या पिकांना लागू नये, हा उद्देश. ताजा आंबा तिथून नेता येत नाही. अमेरिकेच्याच व्हर्जिन आयलंड्सची गोष्ट आणखी निराळी. ती बेटं अमेरिकेच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेर असल्याने मुख्य भूमीकडे निघताना तिथे सीमाशुल्क अधिकाऱ्यांसमोर उभं राहावंच लागतं.

गैरसमज : जिथे अमेरिकेचा झेंडा, तिथे अमेरिकेचा व्हिसा चालतो.

वस्तुस्थिती : पोर्टो रिको आणि ग्वामला चालतो. अमेरिकन सामोआला नाही. तिथला प्रवेश तिथलं स्थानिक सरकार ठरवतं आणि परदेशी पाहुण्याला त्या सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. खुद्द अमेरिकी नागरिकालाही तिथे नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो.

गैरसमज : आपल्या देशात कुठेही तिकीट काढून सरळ जाता येतं.

वस्तुस्थिती : कोचीहून लक्षद्वीपमधल्या अगत्तीला जाणारं विमान देशांतर्गतच आहे. पासपोर्ट नको, सीमाशुल्क नको. तरीही लक्षद्वीपबाहेरच्या भारतीय नागरिकाला तिथल्या प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या नियमांपासून ही अट आहे.

थोडक्यात, देशाची हद्द, व्हिसाची हद्द आणि सीमाशुल्काची हद्द या तिन्ही एकाच जागी संपतात असं नाही. म्हणून सागरपार प्रदेशाचं तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : माझा व्हिसा तिथे चालतो का, परत येताना नवा प्रवेश मोजला जाईल का, आणि सामानाची वेगळी तपासणी आहे का. ही चौकशी विमान कंपनीच्या खिडकीवर नको, त्या देशाच्या वकिलातीकडे किंवा तिथल्या प्रशासनाकडे करा, आणि पैसे भरण्याआधी करा.