खुणेआधीची धरपकड

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, थायमस ही ग्रंथी असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी तिथे टी पेशी म्हणून घडतात. येताना त्यांच्या अंगावर सीडी४ आणि सीडी८ यांपैकी काहीच नसते, मधल्या टप्प्यात दोन्ही प्रथिने उगवतात आणि बाहेर पडताना बहुतेकींकडे एकच उरते. सीडी४वाल्या मदतनीस, सीडी८वाल्या मारक. पेशीने पेशा निवडला आणि मग त्याचा गणवेश चढवला, असे हे सहसा समजावले जाते. मला हा क्रम उलटा वाटतो. ही प्रथिने निर्णयानंतरची पाटी नाहीत; निर्णय त्यांच्याच आधाराने होतो. टी पेशीचा ग्राही रेणू शेजारच्या पेशीवरील एमएचसी रेणू चाचपत असतो, तेव्हा सीडी८ पहिल्या वर्गाचा एमएचसी धरते, सीडी४ दुसऱ्या वर्गाचा. त्यांच्या आतल्या शेपटीला एलसीके नावाचे विकर चिकटलेले असते. पकड बसली की तेच संदेश आत पोहोचवते. तीन-चार दिवसांत कुठेच पकड बसली नाही, तर दुहेरी पेशी मरून जाते, आणि बहुतेकींच्या नशिबी हेच येते.

याचा उत्तम पुरावा उंदरांत मिळाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील आल्फ्रेड सिंगर यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले, की संदेश मिळताच दुहेरी पेशी आधी सीडी८चे जनुक बंद करते, मग तिला पुढे मारक व्हायचे असले तरी. ही जणू परीक्षाच. सीडी८ ओसरूनही संदेश चालू राहिला, तर पकड सीडी४ची होती. पेशी मदतनीस होते. संदेश तुटला, तर आयएल-७ या संदेशवाहक प्रथिनाच्या साथीने सीडी४ बंद होऊन सीडी८ परत येते. मधल्या काळात मारक होऊ घातलेली पेशी वरून मदतनीस दिसते!

कुणी म्हणेल, खरा निर्णय आतली जनुके घेतात: थ्पॉक हे प्रथिन नसले, तर मदतनीस व्हायच्या पेशी मारक होतात. खरे आहे. पण थ्पॉक जागे होते ते टिकून राहिलेल्या संदेशाने, म्हणजे पुन्हा त्या पकडीनेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रक्ताच्या कर्करोगाचे निदान पेशींवरच्या अशाच खुणांवर होते, मग त्या पाट्या कशा नाहीत? होते, पण एकट्या खुणेवर कधीच नाही. सीडी२५ उंदराच्या कोवळ्या थायमस पेशींवर असते, तसेच प्रौढ नियामक टी पेशींवरही. म्हणून तपासणीत सीडी३, सीडी७, सीडी३४ असा संच एकत्र वाचतात. त्यात अस्थिमज्जेतल्या टी पेशींवर सीडी१ए दिसले, की तज्ज्ञ सावध होतात. ते एरवी थायमसमधल्या अर्धवट घडलेल्या टी पेशींवर असते, प्रौढ टी पेशींवर नाही.