तिसरी घंटा जरा उशिरा

लोणी काळभोरला राहायचं तर दोन गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. एक, सोलापूर रोडवरच्या तेलाच्या टँकरांची. दोन, ‘बाप रे, एवढ्या लांब?’ या प्रश्नाची. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘भाडं परवडतं’ एवढंच असतं, आणि ते पुण्यात सगळ्यांना पटतं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी मगरपट्ट्यात काम करणारी माझी एक मैत्रीण मला सोडायला आली होती. हडपसर ओलांडेपर्यंतच आमच्या जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा मारून झाल्या होत्या. उरला होता तो नाजूक विषय. हिने कॉलेजमध्ये असताना ‘पुरुषोत्तम’ची एकांकिका गाजवली होती. भरत नाट्य मंदिरात आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. मग नोकरी, ऑनसाइट, टीम लीड, ईएमआय. आता त्याच जुन्या ग्रुपमधली चार टाळकी पुन्हा जमली आहेत, नाटक बसवतायत आणि हिला विचारतायत. उत्तर द्यायला तिच्याकडे एक आठवडा होता.

‘‘अगं, पुढच्या महिन्यात तीस पूर्ण होतील मला,’’ ती म्हणाली. ‘‘जे व्हायचं ते पंचविशीत होतं. आता काय तालमी करायच्या? आणि करून काय होणार?’’

समोर टँकर, मागे टँकर. गाडी जागची हलत नव्हती. राजबाग तिथून जवळच होती. मी म्हटलं, ‘‘थांब, तुला एक गोष्ट सांगते. तसंही आपल्याला दुसरं काम नाहीये.’’

राजबाग म्हणजे राज कपूरचं मुळा-मुठेच्या काठचं फार्म. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं शूटिंग इथलंच. आज तिथे एमआयटीचं विद्यापीठ आहे, त्यात सिनेमा-नाटक शिकणारी मुलं आहेत आणि कपूर घराण्याचं स्मारक आहे. बघायला येणारे राज कपूरसाठी येतात, फोटो काढतात आणि जातात. मला मात्र तिथे गेलं की त्याचे वडील आठवतात. पृथ्वीराज कपूर. सिनेमातला कमावलेला पैसा नाटकात घालणारा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईत ‘पृथ्वी थिएटर्स’ काढलं. आपण जुहूला ज्या ‘पृथ्वी’त कटिंग चहा आणि नाटक असा बेत करतो, ते थिएटर नंतरचं, १९७८ चं. मूळची ‘पृथ्वी’ ही फिरती कंपनी होती. सगळा लवाजमा ट्रेनमध्ये घालायचा आणि गावोगाव जायचं. सोळा वर्षांत २,६६२ प्रयोग झाले. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहायचे, चांगल्या कामांसाठी पैसे गोळा करायला.

या कंपनीत १९४५ मध्ये एक बाई दाखल झाल्या. वय तेहतीस. (इथे मी मैत्रिणीकडे नीट पाहून घेतलं.) पगार महिना चारशे रुपये. नाव जोहरा सहगल.

आपल्या पिढीला जोहराजी माहीत आहेत त्या ‘चीनी कम’मधल्या, अमिताभला झापणाऱ्या आई म्हणून. ते २००७ साल होतं आणि बाई पंचाण्णव वर्षांच्या होत्या. पण मधलं सगळं आपल्याला माहीतच नसतं. मूळच्या त्या नर्तिका. जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन नाच शिकल्या, १९३५ पासून उदय शंकर यांच्या ट्रुपमधून जगभर नाचल्या. ‘पृथ्वी’त आल्या तेव्हा नाचातलं त्यांचं नाव झालेलं होतं. तिथे मात्र त्यांनी नव्याने सुरुवात केली. जवळजवळ चौदा वर्षं, पडेल ती भूमिका, वर नाच बसवण्याचं काम. बहीण उझरा त्याच कंपनीची नायिका. म्हणजे घरातलीच व्यक्ती मुख्य भूमिकेत आणि आपण बाजूला! ऑफिसात शेजारच्या डेस्कला प्रमोशन मिळालं तर आपल्याला जेवण जात नाही.

मग १९५९ मध्ये नवरा गेला. १९६० मध्ये कंपनी बंद पडली. १९६२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, या बाई ड्रामा स्कॉलरशिप घेऊन लंडनला गेल्या. आणि तिथे कुणीही वाट बघत नव्हतं. त्या काळात ब्रिटिश टीव्हीवर भारतीय बाईला काम मिळून मिळून किती मिळणार? १९६४ मध्ये बीबीसीवर किपलिंगच्या एका कथेत एक भूमिका. ‘डॉक्टर हू’मध्ये छोटंसं काम. मधल्या काळात राम गोपाल यांच्या शाळेत नाच शिकवणं. अशी वीस वर्षं गेली. हे वाक्य वाचायला एक सेकंद लागतो, म्हणून पुन्हा लिहिते. वीस वर्षं.

१९८४ मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनची ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही मालिका आली. पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरची, ब्रिटिश राजवटीच्या शेवटच्या वर्षांची गोष्ट. त्यातली लेडी चॅटर्जी म्हणजे जोहरा सहगल. वय बहात्तर. त्यानंतर बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. ‘तंदूरी नाइट्स’, ‘भाजी ऑन द बीच’, मग भारतात परतल्यावर ‘दिल से’, ‘हम दिल दे चुके सनम’, परदेशात ‘बेंड इट लाइक बेकहम’. आणि २००७ मध्येच ‘सांवरिया’. म्हणजे रणबीर कपूरचा पहिला सिनेमा. ज्या माणसाच्या कंपनीत त्या १९४५ मध्ये नोकरीला लागल्या, त्याच्या पणतूच्या पदार्पणात त्या घरमालकीण होत्या. राजबागेतल्या स्मारकाजवळून जाताना मला दर वेळी हेच आठवतं.

गंमत म्हणजे त्याच ‘ज्युएल इन द क्राउन’मध्ये आणखी एक बाई होत्या, पेगी ॲशक्रॉफ्ट. इंग्रजी रंगभूमीवरचं बडं प्रस्थ. १९३० मध्ये पॉल रोबसनच्या ‘ऑथेल्लो’त त्या डेस्डिमोना होत्या. पन्नासेक वर्षं शेक्सपिअर, इब्सेन, चेकॉव्ह केलं, पण सिनेमा अधूनमधून, चवीपुरता. ही मालिका आणि डेव्हिड लीनचा ‘अ पॅसेज टू इंडिया’ एकाच वर्षी आले आणि १९८५ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना ऑस्कर मिळालं. समारंभाला त्या गेल्याही नाहीत. पन्नास वर्षं ज्यांच्यासमोर उभ्या राहिल्या ते प्रेक्षक थिएटरात होते, लॉस एंजलिसमध्ये नव्हते. असा आपला माझा अंदाज.

‘‘हे सगळं तिकडचं,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘आपल्याकडची सांग.’’

आपल्याकडची म्हणजे उत्तरा बावकर. आणि खरं सांगायचं तर मला सांगायचं होतं ते त्यांच्याबद्दलच.

१९६८ मध्ये त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडल्या. तेव्हा तिथे इब्राहिम अल्काझींचं राज्य होतं. (अल्काझी जन्माने पुण्याचे, हे पुणेकरांनी एकदा तरी सांगायचंच असतं.) शिस्त अशी की ऐकूनच आपल्याला घाम फुटावा. पुढे उत्तराताई एनएसडीच्या नाटकांमधून सतत रंगमंचावर राहिल्या. ‘ऑथेल्लो’मध्ये डेस्डिमोना. हो, पेगीबाईंचीच भूमिका! ‘मुख्यमंत्री’मध्ये पद्मावती, कर्नाडांच्या ‘तुघलक’मध्ये सुलतानाची सावत्र आई, ‘मेना गुर्जरी’, ‘उमराव जान’. तरुण, म्हातारी, राणी, कोठेवाली, सगळ्या. १९७८ मध्ये त्यांनी जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ हिंदीत दिग्दर्शित केलं. परदेशी गेलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं नाटक, आणि बसवणाऱ्या बाई पस्तिशीच्याही आतल्या. १९८४ मध्ये अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे नाटकवाल्यांमध्ये नाव पूर्ण झालेलं होतं. पण नाटकवाले सोडून त्यांना कुणी ओळखत होतं का? फारसं नाही.

मग १९८८ आलं. दूरदर्शनवर गोविंद निहलानींची ‘तमस’ लागली. फाळणीच्या दंगलींवरची ही मालिका बंद पाडायला लोक कोर्टात गेले होते, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि मालिका चालू राहिली. त्यात उत्तराताई होत्या जसबीर. गावावर हल्ला होतो तेव्हा बायका-मुलं विहिरीकडे चालत जातात, तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी एकट्याने पाहू नका. तेव्हा एकच चॅनल होतं. एका रात्रीत अख्ख्या देशाने तो चेहरा पाहिला. वय चव्वेचाळिशीच्या आसपास.

पाठोपाठ मृणाल सेन यांचा ‘एक दिन अचानक’. पावसाळी संध्याकाळी एक प्रोफेसर घरातून बाहेर पडतो आणि परतच येत नाही. प्रोफेसर डॉ. श्रीराम लागू, बायको उत्तरा बावकर. माणूस निघून जातो आणि सिनेमा मागे राहिलेल्यांचा होतो. मोठमोठी भाषणं नाहीत, रडारड नाही. नुसतं घरात वावरणं, आणि त्या वावरण्यातून राग, लाज, हिशेब, सगळं कळत जातं. सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘तमस’मधल्याच सुरेखा सिकरींचं उदाहरण तर घरोघरी माहीत आहे. त्याही एनएसडीच्या. ‘बालिका वधू’ची दादीसा झाल्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, आणि ‘बधाई हो’साठी सत्तरी ओलांडल्यावर तिसरा राष्ट्रीय पुरस्कार.

माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. आपण याला नशीब म्हणून मोकळे होतो. पण दोन्हीकडे दार उघडलं ते टीव्हीने, आणि १९४७ च्या आगेमागेच्या गोष्टींनी. अशा गोष्टींना गुळगुळीत चेहरे चालत नाहीत. पानंच्या पानं पाठ करणारी, पाच मिनिटं न बोलता उभी राहू शकणारी माणसं लागतात. ती एका रात्रीत तयार होत नाहीत, नाटक कंपन्यांमध्ये पगारावर वर्षानुवर्षं तयार होत असतात. जोहराबाई काही ब्रेकची वाट बघत बसल्या नव्हत्या, त्या काम करत होत्या. ते काम आपल्याला दिसलं नाही, हा प्रॉब्लेम आपला.

आणि एक तक्रारही आहे. उशिरा आलेल्या प्रसिद्धीने या बायकांना दिलं काय? आई, सासू, आजी. डॉ. लागूंनी १९६९ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ अभिनय सुरू केला आणि तीन वर्षांत ते ‘पिंजरा’चे नायक झाले. बेचाळिशीतल्या बाईला तो पिंजरा कुणी देऊ केला असता? ‘डोर’मध्ये उत्तराताई सासरच्या म्हाताऱ्या विधवेचं काम करतात. ते इतकं नेमकं आहे की सिनेमा त्यांच्यावरच का नाही, असं वाटत राहतं.

अपवाद होते, आणि त्यात आपलं पुणं आहे. निहलानींच्या ‘रुक्मावती की हवेली’त त्या खुद्द रुक्मावती होत्या. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या आपल्या पुण्याच्या जोडीने ‘दोघी’मध्ये त्यांना आई दिली, पण काय आई! थोरल्या मुलीला मुंबईच्या बाजारात पाठवणं भाग पडलेली आणि ती परत आली तर तिच्याकडे डोळे वर करून न बघू शकणारी. पुढे ‘वास्तुपुरुष’ आणि ‘संहिता’. शेवटची वर्षं त्यांनी पुण्यातच काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातच त्या गेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. बातम्यांमध्ये ‘ज्येष्ठ रंगकर्मी’ असं आलं. माझ्या ऑफिसातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, कोण? मग कुणीतरी ‘जस्सी’तल्या बेबेचा फोटो टाकला आणि सगळ्यांची पेटली. ‘‘अरे, या होय!’’

टँकर एव्हाना हलला होता. मला सोसायटीच्या गेटवर उतरवताना मैत्रीण एवढंच म्हणाली, ‘‘चारशे रुपये म्हणजे तेव्हा बरे असतील गं.’’ टीम लीड आहे शेवटी.

मी रात्री तिला ‘एक दिन अचानक’चं नाव पुन्हा मेसेज केलं, स्पेलिंगसकट. तिने अंगठा पाठवला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी तिला तीनदा फोन केला, तो बंद होता. रविवारी दुपारी तिचा फोन आला, आवाज पार बसलेला. तालमीत मोबाइल बंद ठेवायचा असा त्यांच्या दिग्दर्शकाचा नियम आहे म्हणे. भूमिका? सत्तर वर्षांच्या आजीची.