पियुषिका ग्रंथीतला लिम्फोमा

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत पियुषिका म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, अॅड्रिनल आणि जननग्रंथी तिच्याच हुकमाने चालतात. या ग्रंथीत गाठ निघाली, तर ती बहुधा अॅडिनोमा म्हणजे सौम्य गाठ असते. लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, इथे क्वचितच आढळतो. शरीरात अन्यत्र असलेला लिम्फोमा पियुषिकेत पसरू शकतो. पण तिथेच उगम पावलेल्या लिम्फोमाच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय साहित्यात अगदी मोजक्या आहेत. त्यांतले बहुतेक बी पेशींपासून झालेले, झपाट्याने वाढणारे असतात. एचआयव्हीमुळे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना मेंदूतल्या लिम्फोमाचा धोका अधिक असतो. मात्र प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांनाही पियुषिकेतला लिम्फोमा झालेला आहे.

डोकेदुखी, थकवा आणि नजर अधू होणे ही लक्षणे अॅडिनोमातही दिसतात. संशय यावा तो वेगळ्या खुणांवरून. अॅडिनोमा सहसा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. लिम्फोमात मात्र काही आठवड्यांत एकाचे दोन दिसू लागतात किंवा पापणी खाली येते, कारण डोळा फिरवणाऱ्या नसा ग्रंथीच्या शेजारूनच जातात. सतत तहान लागणे आणि रात्रंदिवस भरपूर, पाण्यासारखी लघवी होणे ही खूण तर फार महत्त्वाची. तिला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेच्या मधुमेहाशी तिचा संबंध नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या अॅडिनोमात ती विरळाच, त्यामुळे ती दिसली की दुसऱ्या आजाराचा विचार व्हायलाच हवा. एमआरआयवरून अंदाज येतो, निदान होत नाही. नाकावाटे दुर्बिणीने तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.

खरी कोंडी होते ती स्टेरॉइडची. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात आणि गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते. पण हा दिलासा फसवा असतो: आजार बरा झालेला नसतो, आणि बायोप्सीच्या तुकड्यात मात्र अनेकदा काहीच सापडत नाही. म्हणून संशय असेल तर शक्यतो आधी तुकडा, मग स्टेरॉइड. मात्र ग्रंथी दबल्याने शरीरातले कॉर्टिसॉल घटले असेल, तर थांबणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी शरीराची उणीव भरून काढण्यापुरते हायड्रोकॉर्टिसोन द्यावेच लागते. थायरॉइडची गोळी त्यानंतर. हा क्रम उलटला, तर रुग्ण अचानक कोसळू शकतो.

निदान झाल्यावर पेट स्कॅन, एचआयव्ही चाचणी, पाठीच्या कण्यातल्या द्रवाची आणि डोळ्यांची तपासणी होते, म्हणजे आजाराचा पसारा कळतो. पुढचा मुख्य उपचार गाठ कापून काढण्याचा नसून औषधांचा आहे. मेथोट्रेक्सेट एरवीपेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत शिरेतून देतात, म्हणजे ते मेंदूपर्यंत पोचते. निरोगी पेशी वाचवण्यासाठी सुमारे २४ तासांनी ल्युकोव्होरिन सुरू करतात. जोडीला बहुधा रिटक्सिमॅब असते, काहींना किरणोपचारही लागतात. गाठ नाहीशी झाली, तरी ग्रंथीचे काम पूर्ववत होईलच असे नाही. अनेकांना हार्मोनची औषधे पुढेही चालू ठेवावी लागतात.