भिंत निवडणारा माणूस

कोडोलीत आमच्या मामूंच्या शिलाईच्या दुकानाची पाटी गावातल्याच पेंटरनं रंगवली होती. फ्लेक्स आला आणि ती अक्षरं गेली. हनीफ कुरेशी यांनी मात्र देशभरच्या अशा पेंटरांची अक्षरं जमवून त्यांचे संगणकीय फाँट केले. २०१४ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘स्टार्ट इंडिया’ संस्था उभारली. २०१७ मध्ये संस्थेनं मुंबईच्या ससून डॉकवर, कोळ्यांच्या रोजच्या राबत्यात, प्रदर्शन भरवलं. अशा संयोजकाचं काम रंगाच्या आधी सुरू होतं. भिंत हेरायची, मालकाची परवानगी काढायची, शेजाऱ्यांशी बोलायचं, त्या भिंतीला साजेसा चित्रकार शोधायचा, परांची बांधून घ्यायची. २०२४ मध्ये कुरेशी ऐन चाळिशीत गेले. पेंटरांची अक्षरं उरली. मामूंची पाटी मात्र आम्ही भंगारात घातली.