डॉक्टरेटची एकच वाट?

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका नवख्या माणसाला पहिल्या दिवशी लागतो आणि रहिवाशाच्या तो हळूहळू अंगवळणी पडतो. या जिल्ह्यात विज्ञान शिकवणाऱ्याच्या कानांवर वारंवार येणाऱ्या एका वाक्याचेही तसेच व्हावयास हवे होते, परंतु इतक्या वर्षांनंतरही ते ऐकताना मला दर वेळी ठसका लागतोच. ते वाक्य असे : "सर, पोरगा पीएच.डी. झाला आणि निघाला अंकलेश्वरला कंपनीत. मग एवढं शिकून उपयोग काय?"

वडिलांनी हे म्हणावे याचे मला नवल वाटत नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि 2011 च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत राज्यात तळाशी राहिलेल्या या जिल्ह्यात, जिथे कित्येक घरांतून पहिला पदवीधर आत्ताआत्ता बाहेर पडतो आहे, तिथे विद्येवर पोट भरणारा आणि समाजात मान असलेला इसम म्हणून बापाने आयुष्यात पाहिलेला असतो तो बहुधा गावचा गुरुजी किंवा तालुक्याचा प्राध्यापक; तेव्हा सर्वांत मोठी पदवी म्हणजे सर्वांत मोठी मास्तरकी, हा हिशेब त्याने मांडला तर तो त्याच्या अनुभवाशी सुसंगतच आहे. वैताग येतो तो मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांचा. पाच-सहा वर्षे विद्यार्थ्याकडून रात्रंदिवस प्रयोग करून घेणारे काही गाइड, त्याने कारखान्याचे नाव काढताच, घरचा मुलगा परधर्मात गेल्यासारखा चेहरा करतात. त्यांना तरी वस्तुस्थिती ठाऊक असावयास हवी होती.

पीएच.डी. ही प्राध्यापकीसाठीच असते, असे मानणाऱ्यांनी प्रथम हे पाहावे की प्राध्यापकीला पीएच.डी. सक्तीचीसुद्धा नाही. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकासाठी ती अनिवार्य करण्याची तजवीज विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 च्या नियमावलीत केली होती, तिची मुदत पुढे 2023 पर्यंत लांबवण्यात आली, आणि 30 जून 2023 च्या दुरुस्तीने ती अट ऐच्छिक करून नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता ठरवण्यात आली.

कोणी म्हणेल, कायदा काही सांगो, प्रत्यक्षात डॉक्टरेट झालेले लोक जातात ते विद्यापीठांतच. तसेही नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 2010 साली ब्रिटनपुरता जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात विज्ञानात डॉक्टरेट झालेल्या दर 1,000 जणांपैकी अखेर प्रोफेसर होणारे साडेचार निघाले. शंभरात नव्हे, हजारात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या 2017 च्या पाहणीत शिक्षणसंस्थांत काम करणारे डॉक्टरेटधारक 43 टक्के आणि खासगी क्षेत्रातले 42 टक्के आढळले. जगात जो राजमार्ग आहे त्याला आपण पळवाट म्हणतो, आणि ज्या चिंचोळ्या बोळात तासिका तत्त्वावर, सुट्टीत बिनपगारी, 'यंदा जागा भरणार' या आशेवर माणसे वयाची चाळिशी गाठतात, त्याला मात्र करिअर म्हणतो!

आता, कारखान्यात गेल्यावर विद्या वाया जाते ती कशी, हेही तपासू. शहादा, तळोदा, अक्कलकुवा ओलांडून जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता जिथे पोहोचतो, त्या औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि त्यांची मध्यवर्ती रसायने तयार होतात. रंगनिर्मितीतील डायझोटायझेशनची अभिक्रिया शून्य ते पाच अंशांवर करावयाची असते, हे एम.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. प्रयोगशाळेत 100 मिलिलिटरचा फ्लास्क बर्फात ठेवला की भागते. तीच अभिक्रिया 5,000 लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेली की घनफळ 50,000 पट होते, पण आकार तसाच ठेवला तर उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढतो जेमतेम 1,350 पट. म्हणजे प्रत्येक लिटराच्या वाट्याला येणारे थंड होण्याचे क्षेत्र सदतिसाव्या हिश्श्यावर येते. उष्णता साचली तर डायझोनियम लवण विघटित होते, आणि कधी कधी त्याबरोबर छप्परही जाते. हा प्रश्न सोडवण्यासाठी लागणारी बुद्धी प्रबंधाच्या बुद्धीहून कनिष्ठ आहे, असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

औषधाचे उदाहरण घ्या. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत घ्यावयाच्या औषधद्रव्यात एखादी अशुद्धी 0.10 टक्क्याहून अधिक आढळली, तर 'आयसीएच'च्या क्यू-थ्री-ए या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे तिची संरचना ओळखावी लागते. हजारात एका भागाहून किंचित अधिक असलेला तो अनाहूत पाहुणा वेगळा काढून, एनएमआर आणि मास स्पेक्ट्रमवरून त्याचे कूळ शोधणे आणि तो प्रक्रियेच्या कोणत्या पायरीवर आत शिरला हे सांगणे, यासाठी पाच वर्षे नेमके हेच केलेला माणूस लागतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून 1969 साली डॉक्टरेट घेऊन सरकारी औषध कारखान्यात रुजू झालेल्या आणि 1984 मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढणाऱ्या अंजी रेड्डींचे नाव येथे घ्यावेसे वाटते. हळद पिकवणाऱ्याचा हा मुलगा गुंटूर जिल्ह्यातला. त्याच गुंटूरचा, ज्याच्याशी मिरचीच्या बाजारात आपण उठल्यासुटल्या तुलना करतो. ती करायचीच तर याही बाबतीत करावी.

मात्र डॉक्टरेट मिळाली म्हणजे माणूस उद्योगासाठी तयार झाला, हाही भ्रमच होय, आणि तो विद्यार्थ्यांचा आहे. फिल्टर पेपरच्या कोपऱ्यावर वजने लिहून ठेवण्याची सवय (ही सवय कोणाची, ते सांगत नाही) कारखान्यात चालत नाही. तिथे बॅच रेकॉर्डमध्ये नोंद नसलेले काम झालेच नाही असे धरतात. दोन टक्के अधिक उताऱ्यासाठी महागडा पॅलेडियम उत्प्रेरक सुचवणाऱ्याला, किलोमागे किती पडला, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा भेटतो. अर्जासोबत चौदा पानांचा बायोडेटा आणि सर्व शोधनिबंधांची यादी पाठवणाऱ्यांनी ती दोन पानांवर आणावी, आणि कोणती उपकरणे स्वतःच्या हाताने चालवली, कोणती अभिक्रिया किती ग्रॅमपर्यंत नेली, हे वरच लिहावे. गाइडला मदत करावयाची असेल तर त्याने प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला महिनाभर एखाद्या पायलट प्लांटवर धाडावे. शिफारसपत्रापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

किरकोळ गैरसमज थोडक्यात निकालात काढतो. 'शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंधच सादर होत नाही' : ती सक्ती आयोगाने 2022 च्या नियमावलीत काढून टाकली. 'कंपन्या नुसती नक्कल करतात' : दुसऱ्याच्या पेटंटला धक्का न लावता तेच रेणू नव्या मार्गाने तयार करणे, हे स्वतंत्र संशोधनच आहे, आणि 1 जानेवारी 2005 पासून आपल्याकडे औषधद्रव्यालाही पेटंट मिळू लागल्यापासून ते अधिकच अवघड झाले आहे. 'एकदा गेलेला परत शिकवायला येऊ शकत नाही' : पंधरा वर्षांच्या अनुभवावर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून येण्याची मुभा 2022 पासून आहे. 'आश्रमशाळेतून आणि मराठी माध्यमातून आलेल्याचा तिथे निभाव लागत नाही' : प्लांटवर रात्रपाळीला गुजराती, हिंदी आणि खानदेशी बोलीच अधिक ऐकू येते, इंग्रजी अहवालापुरती लागते, आणि प्रबंध ज्याने इंग्रजीत लिहिला त्याला अहवालाचे भय नसावे. 'मुलाखतीला कोट लागतो' : लागत नाही. लागतात ते सेफ्टी शूज, आणि ते कंपनी देते.