मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हरची नोकरी: पगार, थांबलेले तास आणि स्वतःची गाडी घेण्याआधीचा हिशोब



आपल्या बॅचमध्ये ट्रान्सपोर्टचा विषय काढणारे दोन प्रकारचे लोक असतात. काही जण मोठ्या कंपनीत गाडी चालवतात आणि आता त्यांना स्वतःची गाडी घ्यायची असते. बाकीच्यांना स्टेअरिंग धरायचं नसतं, पण दोन-चार गाड्या घेऊन धंदा करायचा असतो. माझं ऑइल-फिल्टरचं दुकान हायवेला आहे, त्यामुळे ड्रायव्हर मंडळींशी काउंटरवर रोज बोलणं होतं. त्यातून आणि या धंद्याच्या हिशोबातून एक गोष्ट पक्की कळते. या धंद्यात पैसा चाक फिरताना मिळतो आणि गाडी उभी असताना जातो. उभ्या गाडीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हे ज्याला समजलं त्याला ट्रान्सपोर्टचा धंदा समजला.

चला, एकेक मुद्दा घेऊ.

१. "कंपनीचा ड्रायव्हर" म्हणजे नक्की कोणाचा?

गाडीवर मोठ्या कंपनीचं नाव असलं म्हणजे ड्रायव्हर त्या कंपनीच्या पगारावर असतोच असं नाही. तीन प्रकार बघायला मिळतात.

पहिला, थेट कंपनीच्या पगारपत्रकावरचा. गाडी कंपनीची, माणूसही कंपनीचा. विजय संकेश्वरांनी १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरू केलेली व्हीआरएल आज अशी मुख्यतः स्वतःच्या गाड्या चालवणारी कंपनी आहे.

दुसरा, ठेकेदारामार्फत आलेला. गाडी कंपनीची, पण पगार ठेकेदार देतो.

तिसरा, अटॅच गाडीवरचा. कंपनीला काम मिळतं आणि ती बाहेरच्या मालकाची गाडी भाड्याने लावते. आपल्या देशात बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी गाड्या आहेत. मोठ्या नावाखाली धावणाऱ्या बऱ्याच गाड्या अशाच छोट्या मालकांच्या असतात. तिथे ड्रायव्हरला नियम मोठ्या कंपनीचे पाळावे लागतात, पण पगार आणि सोयी मात्र छोट्या मालकाच्या ऐपतीप्रमाणे मिळतात.

म्हणून कोणी "मी अमुक कंपनीत ड्रायव्हर आहे" म्हणाला, की आधी विचारा, "पगाराची स्लिप कोणाच्या नावाची येते?" पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, उद्या बँकेत कर्ज मागताना लागणारा उत्पन्नाचा पुरावा, हे सगळं त्या स्लिपवर अवलंबून आहे.

२. पगार कसा बनतो?

लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचा पगार बहुतेक ठिकाणी तीन तुकड्यांत असतो. एक ठरलेला पगार, दुसरा किलोमीटरचा किंवा ट्रिपचा भत्ता आणि तिसरा बक्षीस. डिझेलचं ॲव्हरेज चांगलं दिलं, वेळेत माल पोचवला, अपघात झाला नाही, तर हे बक्षीस मिळतं.

आता एक हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही टाका.

समजा, गाडी चाकण ते दिल्ली चालते. एका बाजूचं अंतर साधारण १,४५० किलोमीटर, म्हणजे फेरी २,९०० किलोमीटरची. ठरलेला पगार १२,००० रुपये, भत्ता किलोमीटरला ३ रुपये. म्हणजे एका फेरीचे ८,७०० रुपये.

रोज सुमारे ३६० किलोमीटर गाडी चालली तर जायला ४ दिवस, यायला ४ दिवस. भरणं-उतरवणं २ दिवस. १० दिवसांत फेरी पूर्ण, महिन्यात ३ फेऱ्या. भत्ता झाला २६,१००. पगार धरून ३८,१००. रस्त्यावरचं जेवण-चहा रोज ४०० रुपये धरलं तर महिन्याचे १२,००० गेले. ठरलेल्या पगारावर १२ टक्क्यांनी पीएफ १,४४० गेला. घरी आले २४,६६० रुपये. आणि यात सुट्टीचा एकही दिवस धरलेला नाही, हे लक्षात घ्या.

आता तोच महिना, तोच ड्रायव्हर. फक्त प्रत्येक फेरीत ५ दिवस जास्त लागले. भरायला रांग, उतरवायला रांग, परतीच्या मालाची वाट. महिन्यात २ फेऱ्या झाल्या. भत्ता १७,४००, जेवणाचा खर्च तेवढाच, पीएफ तेवढाच. घरी आले १५,९६० रुपये.

बघा, माणूस घरापासून तेवढेच दिवस लांब राहिला. झोप तेवढीच मोडली. तरी ८,७०० रुपये कमी आले. काही कंपन्या थांबल्याचा हॉल्टिंग भत्ता देतात, काही देत नाहीत. नोकरी चांगली की वाईट हे अनेकदा त्या एका ओळीवर ठरतं.

३. रस्त्यावरचा दिवस कसा जातो?

मोठ्या कंपनीत गाडीवर जीपीएस असतं आणि ऑफिसात बसलेला माणूस स्क्रीनवर गाडी बघत असतो. ठरलेल्या जागेबाहेर थांबलात की फोन येतो, "गाडी का उभी आहे?" वेग वाढला की नोंद होते. डिझेल ठरलेल्या पंपावर, कार्डावर. ॲव्हरेज कमी आलं की जाब द्यावा लागतो, कधी कपातही होते.

यात चांगली बाजूही आहे. टायर, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, फास्टॅग या कशाचंच टेन्शन ड्रायव्हरला नसतं. गाडी बंद पडली तर मेकॅनिक पाठवणं कंपनीचं काम. गाड्यांचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. मोठ्या कंपन्या गाड्या लवकर बदलतात, म्हणून अशी केबिन त्यांच्या ड्रायव्हरला आधी मिळेल.

पण खरा त्रास चालवण्यात कमी आणि थांबण्यात जास्त. कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लावायचा. आत स्वच्छतागृह असलं तरी ड्रायव्हरला ते वापरू देतीलच असं नाही. शहरात अवजड गाड्यांना दिवसा ठरावीक वेळी प्रवेश बंद, म्हणून बाहेर उभं राहायचं. ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस अशी चालते, त्यामुळे उशीर झाला की त्याचीही धावपळ. हमाली-वाराईचे पैसे द्यावे लागले आणि पावती मिळाली नाही, तर तो खर्च मंजूर होईलच असं नाही. माल कमी भरला किंवा डाग लागला, तर शॉर्टेज आधी ड्रायव्हरच्या नावावर.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या ड्युटीमध्ये सलग ९ तास आराम, असंही त्यात होतं. तो कायदा आता नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. पण ज्याला किलोमीटरवर पैसे मिळतात तो गेटवर गेलेला वेळ रात्री गाडी पळवून भरून काढायला बघतो. अपघाताचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

४. अपघात झाला तर?

जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी चक्का जाम केला होता, आठवतं? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून न कळवता पळून गेल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं गेलं. ड्रायव्हरचं म्हणणं साधं होतं. जागेवर थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा.

मोठ्या कंपनीत वकील आणि इन्शुरन्सची माणसं असतात, हा आधार मोठा आहे. पण गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर नोंदवला जातो आणि लायसन्सही त्याचंच अडकतं. म्हणून नोकरी धरतानाच विचारा, "केस झाली तर वकील कोण देणार, जामिनाला कोण येणार, आणि केस चालू असताना पगार मिळणार का?"

५. ड्रायव्हर सोडून का जातात?

फक्त पैशासाठी जातात असं नाही. घरी कधी जाणार हे माहीत नसतं, म्हणूनही जातात. पोराचा वाढदिवस, गावची जत्रा, आईचं ऑपरेशन, सगळं "परतीचा माल मिळाला तर". लग्नाच्या बाजारात ड्रायव्हर पोराला काय किंमत मिळते हे तुम्हाला मी सांगायला नको.

या दुखण्यावर रिव्हिगो नावाच्या कंपनीने एक उपाय करून बघितला. २०१४ मध्ये दीपक गर्ग आणि गझल कालरा यांनी ती सुरू केली. ड्रायव्हर काही तास गाडी चालवायचा, ठरलेल्या ठिकाणी दुसऱ्याकडे द्यायचा आणि उलट बाजूने येणारी गाडी घेऊन घराकडे परतायचा. गाडी पुढे धावत राहायची. रिले शर्यतीसारखं. पुढे २०२२ मध्ये त्यांचा बी-टू-बी एक्स्प्रेस व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने २२५ कोटींना घ्यायचं ठरवलं. दोन गाड्यांच्या मालकाला ही पद्धत झेपणार नाही, कारण तिला दोन्ही बाजूंनी सतत माल आणि जागोजागी तळ लागतात. पण घरी जायची तारीख आधी ठरवून देणं दोन गाड्यांच्या मालकालाही जमतं.

६. स्वतःची गाडी घेतली तर काय बदलतं?

आता वरचाच हिशोब मालकाच्या खुर्चीतून बघा. समजा, गाडीचा हप्ता महिन्याला ६०,००० रुपये. महिन्यात ३ फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर हप्त्याचे २०,००० बसले. २ फेऱ्या झाल्या तर ३०,०००. गेटवरची रांग आधी तुमचा भत्ता खात होती, आता भत्ता आणि हप्ता दोन्ही खाते.

दुसरी गोष्ट, उधारी. मार्केटमधून दलालामार्फत भाडं उचललं तर ॲडव्हान्स मिळतो, पण दलालाचं कमिशन जातं आणि बाकी पोच पावती पोचल्यावर मिळते. कारखान्याशी थेट काम केलं तर दर बरा, पण पैसे ६० दिवसांनी. डिझेल मात्र आज भरायचं. २,९०० किलोमीटरला ४ च्या ॲव्हरेजने ७२५ लिटर लागतं. लिटरला ९० रुपये धरले तर फेरीचे ६५,२५० रुपये. ६० दिवसांत ६ फेऱ्या, म्हणजे ३,९१,५०० रुपये नुसत्या डिझेलमध्ये अडकले. टोल, टायर, हप्ता वेगळाच. डाउन पेमेंट जमलं म्हणून गाडी घेणारे बरेच जण इथे अडकतात. गाडी चालते, काम असतं, पण हातात रोकड नसते.

७. मग करायचं काय?

नोकरीत असलेल्या भावांनो, तीन महिने एक वही ठेवा. प्रत्येक फेरीचे चालण्याचे दिवस आणि थांबण्याचे दिवस वेगळे लिहा. कुठल्या गेटवर किती तास गेले ते लिहा. कंपनी तुमच्यावर डिझेल, टोल, टायर मिळून किती खर्च करते याचा अंदाज लिहा. हे शिक्षण तुम्हाला पगार घेता घेता मिळतंय. कुठला कारखाना गाडी लवकर सोडतो आणि कुठला दोन दिवस सडवतो, ही माहिती पुढे तुमचं भांडवल आहे. गाडी घ्यायची ठरवलीत तर डाउन पेमेंटशिवाय दोन महिन्यांचं डिझेल आणि हप्ते बाजूला ठेवा. तेवढे जमत नसतील तर नोकरी आणखी वर्षभर करा, त्यात कमीपणा नाही.

आणि ड्रायव्हर ठेवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. ट्रिपचा हिशोब गाडी परतल्यावर दोन दिवसांत मिटवा. २४ तासांपेक्षा जास्त थांबलं तर हॉल्टिंग द्या, आणि तेच हॉल्टिंग पार्टीच्या करारातही लिहून घ्या, नाहीतर तुमच्या खिशातून जाईल. सुट्टीची तारीख ट्रिपच्या आधी ठरवा. वाराईचा आणि बिनपावतीचा खर्च किती चालेल ते आधीच सांगा, म्हणजे वाद होत नाही.

पगारात तुम्ही मोठ्या कंपनीशी स्पर्धा करू शकणार नाही. पण थांबलेल्या वेळाची किंमत द्यायला कंपनी मोठीच लागते असं नाही. ती देणाऱ्या मालकाकडे ड्रायव्हर टिकतो आणि गाडी धावती राहते.

या हिशोबाचा तक्ता फळ्यावर मांडून दाखवणारा व्हिडिओ चॅनलवर आहे. वही-पेन घेऊन बसा आणि आपल्या मार्गाचे आकडे टाकून बघा. भेटू पुढच्या भागात.