चॅलेंजरचं टपाल

‘एच.एम.एस. चॅलेंजर’ हे ब्रिटिश आरमाराचं जहाज डिसेंबर १८७२ मध्ये पोर्ट्समथहून निघालं आणि २४ मे १८७६ रोजी स्पिटहेडला परतलं. साडेतीन वर्षांत त्यानं ६८,८९० सागरी मैल कापले, ३६२ ठिकाणी थांबून समुद्राची खोली, तापमान, तळाचा गाळ आणि जीव तपासले. त्यातून ४,७०० च्या आसपास नव्या जाती जगाला कळल्या आणि १८८० ते १८९५ या काळात अहवालाचे ५० खंड छापून झाले. समुद्रविज्ञानाचा पाया इथे घातला गेला, असं जे म्हणतात ते योग्यच आहे. पण या खंडांची साडेएकोणतीस हजार पानं चाळली तरी जहाजावर माणसं कशी राहिली, काय खाल्लं, कशाला कंटाळली, हे फारसं हाती लागत नाही. ते सापडतं पत्रांत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या सफरीतलं काही मोलाचं विज्ञानसुद्धा आधी टपालाच्या थैलीतूनच घरी पोचलं. म्हणून चॅलेंजरची कहाणी त्याच्या टपालाच्या वाटेनं सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जहाज मुळात लढाऊ. १८५८ मध्ये वुलिचला पाण्यात उतरलेलं, लाकडी बांध्याचं, शिडं आणि वाफ दोन्हींवर चालणारं. सफरीसाठी दोन सोडून बाकीच्या सगळ्या तोफा उतरवल्या आणि त्या जागी प्रयोगशाळा, नमुन्यांची कोठारं, मैलोगणती दोर आले. कप्तान जॉर्ज नेअर्स. सव्वादोनशेहून अधिक अधिकारी-खलाशी आणि त्यांच्यात आरमाराबाहेरचे सहा जण: प्रमुख वायव्हिल थॉमसन, जॉन मरे, हेन्री मोझली, रसायनतज्ज्ञ बुकॅनन, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम आणि चित्रकार वाइल्ड.

जहाजाला स्वतःचं टपाल कार्यालय नव्हतं. पत्रं जमत, बंदर आलं की किनाऱ्यावरच्या टपालखात्याकडे दिली जात आणि पुढचा प्रवास पॅकेट बोटींनी होई. घरच्यांनी पत्र लिहायचं ते जहाज पुढे कुठल्या बंदरात लागणार याचा अंदाज बांधून. अंदाज चुकला की थैली जहाजाच्या मागोमाग फिरत राही. सामान्य खलाशासाठी १७९५ पासून एक सवलत होती: पाकिटावर जहाजाच्या प्रमुख अधिकाऱ्याची सही असेल तर पत्र एका पेनीत जाई. अधिकाऱ्यांना ही सवलत नव्हती. टपालाचा अभ्यास करणाऱ्यांना अशी सही असलेलं पाकीट तिकिटाइतकंच बोलकं वाटतं, कारण त्यावरून पाठवणाऱ्याचा हुद्दा, जहाज आणि अधिकारी एकदम कळतात.

अटलांटिकवर पत्रांची ये-जा बरी चालली. पुढे मात्र अंतरं अंगावर येऊ लागली. ऑक्टोबर १८७३ मध्ये त्रिस्तान दा कुन्याच्या शेजारच्या ‘इनॅक्सेसिबल’ बेटावर जहाजाला श्टोल्टेनहॉफ नावाचे दोन जर्मन भाऊ सापडले. सीलच्या शिकारीसाठी उतरलेले हे दोघे जवळजवळ दोन वर्षं तिथे अडकून पडले होते. चॅलेंजरनं त्यांना केपला पोचवलं. १७ डिसेंबरला केप सोडल्यावर जहाज केर्गेलन, हर्ड आणि दक्षिणेच्या बर्फाकडे वळलं. १६ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यानं दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं. वाफेवर चालणारं जहाज तिथे पहिल्यांदाच पोचत होतं. मेलबर्न आलं १७ मार्चला. म्हणजे तीन महिने ना पत्र ना वर्तमानपत्र. इतिहासग्रंथांत या टप्प्यावर हिमनगांची चित्रं असतात. पण जहाजावरच्या माणसाला मेलबर्नचं बंदर कशामुळे एवढं हवंहवंसं वाटलं असेल, ते ओळखायला हिमनग लागत नाहीत.

टपालाच्या बरोबरीनं आता तारही समुद्रात उतरत होती आणि चॅलेंजरचा त्यात प्रत्यक्ष हातभार लागला. जून १८७४ मध्ये सिडनीहून न्यूझीलंडकडे जाताना जहाजानं ठिकठिकाणी ओळंबा सोडून तळाची खोली मोजली, कारण त्या वाटेनं तारेची केबल टाकायचं घाटत होतं. १८७६ च्या सुरुवातीला ती केबल पडलीही. तारेनं चॅलेंजरचा कप्तानही नेला. जहाज हाँगकाँगला असताना लंडनहून निरोप आला, की नेअर्स यांनी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेचं नेतृत्व करायला परत यावं. त्यांच्या जागी फ्रँक टर्ल थॉमसन आले. २३ मार्च १८७५ रोजी गुआमच्या नैर्ऋत्येला ४,४७५ वाव, म्हणजे आठ हजार मीटरहून जास्त खोली मोजली गेली, ती या नव्या कप्तानाच्या काळात.

आता बॅथिबियसची गोष्ट, जिच्यासाठी या लेखात जागा राखून ठेवली होती. १८६८ मध्ये जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्ली यांनी अटलांटिकच्या तळातून आणलेल्या, अल्कोहोलमध्ये बरीच वर्षं ठेवलेल्या गाळात एक लिबलिबीत पदार्थ पाहिला. हे सगळ्या समुद्रतळावर पसरलेलं आदिम सजीव द्रव्य असावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला ‘बॅथिबियस’ म्हटलं आणि युरोपभर त्याची चर्चा झाली. चॅलेंजरवरच्यांनी ताज्या गाळात ते पुन्हा पुन्हा शोधलं. सापडलं नाही. मग बुकॅनन यांनी दाखवून दिलं, की समुद्राच्या पाण्यात भरपूर अल्कोहोल घातलं की कॅल्शियम सल्फेट असंच साकळून खाली बसतं. ज्याला जीव समजलं होतं तो नमुना टिकवण्याच्या पद्धतीतून तयार झालेला साका होता. वायव्हिल थॉमसन यांनी ९ जून १८७५ रोजी जपानहून हक्स्लींना पत्र लिहून हे कळवलं. हक्स्लींनी आढेवेढे घेतले नाहीत. ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी ती माहिती आपल्या कबुलीसह छापली. खंड निघायला पाच वर्षं अवकाश होता, पण एका पत्रानं दहा आठवड्यांत एका सिद्धान्ताचा निकाल लावला. विज्ञानातल्या सचोटीचं याहून स्वच्छ उदाहरण मला सहजी आठवत नाही.

याच वर्षांत टपालाचं जगही बदलत होतं. तोवर परदेशी पत्राचा दर दोन देशांच्या करारावर आणि वाटेवर ठरत असे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न इथे २२ देशांनी सामान्य टपाल संघाचा करार केला, तेव्हा चॅलेंजर मोलुक्काच्या मसाल्याच्या बेटांत होतं. १ जुलै १८७५ रोजी करार अमलात आला, तेव्हा ते योकोहामा आणि होनोलुलूच्या मधल्या पाण्यात होतं. १६ जून ते २७ जुलै ही सलग सागरी मजल. एकसारख्या दराची सोय झाली त्या दिवशी जवळपास टाकायला पेटी नव्हती. हिंदुस्थान या संघात आला १ जुलै १८७६ ला, जहाज घरी पोचल्यावर पाचेक आठवड्यांनी. समुद्राचा तळ एकाच मापानं मोजायचा आणि पत्राचा दर एकाच मापानं ठरवायचा, ही दोन्ही कामं एकाच काळाची आहेत.

होनोलुलूनंतरच्या मजलेत विलेमोस-झूम विसर्पाच्या तापानं गेले. १३ सप्टेंबर १८७५, ताहिती अगदी जवळ आलेलं. वय अठ्ठावीस. देह समुद्रात सोडण्यात आला. त्यांनी सफरीतून घरी लिहिलेली पत्रं आईनं जपली होती. १८७७ मध्ये लाइपझिगला ती पुस्तकरूपानं निघाली, संपादक म्हणून आईच. मुलाच्या संशोधनाचा वाटा अहवालात इतरांच्या हातून गेला. त्याचा आवाज आईनं वाचवला.

सब-लेफ्टनंट लॉर्ड जॉर्ज कॅम्पबेल यांची पत्रं १८७६ मध्येच पुस्तकात आली आणि खूप वाचली गेली. त्यांचे वडील ड्यूक ऑफ आर्गाइल, १८७४ पर्यंत लंडनच्या सरकारात हिंदुस्थानचे मंत्री. उमरावाचा मुलगा असल्यानं त्यांना मोकळेपणानं लिहिणं परवडत होतं. तळाचा गाळ उपसत बसण्याचा कंटाळा ते लपवत नाहीत, बेटांवरची माणसं मात्र हौसेनं रंगवतात.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो जोसेफ मॅटकिन. कोठारातल्या कारभाऱ्याचा मदतनीस, निघताना वय जेमतेम एकोणीस. अहवालात त्याला स्थान असायचं कारण नव्हतं. पण शिधा किती, कुठल्या बंदरात कोण पळालं, शास्त्रज्ञांबद्दल खालच्या मजल्यावर काय बोललं जातं, हे तो घरी कळवत राहिला. पत्रं घरातल्या घरात फिरत आणि जपली जात. १९९२ मध्ये हवाई विद्यापीठानं ती छापली. सुरुवातीच्या माणसांपैकी शेवटपर्यंत दीडशेसुद्धा उरले नव्हते. काही मेले, काही बदलून गेले, बरेच पळाले. ही गळती आकड्यात सांगता येते. ती का झाली ते समजायला मॅटकिन वाचावा लागतो.

नमुने वाटेतल्या बंदरांतून टप्प्याटप्प्यानं घरी रवाना होत होते. सगळं धरून ५६३ पेट्या झाल्या आणि एडिंबरोत खास कार्यालय थाटून त्यांवर काम चाललं. वायव्हिल थॉमसन १८८२ मध्ये वारले. पुढचा भार जॉन मरे यांनी ओढला. जहाजाच्या वाट्याला मात्र काही मोठं आलं नाही. थोडा काळ प्रशिक्षणाचं काम, मग मेडवे नदीत नुसता सांगाडा म्हणून उभं राहणं, आणि १९२१ मध्ये तळाच्या तांब्यासाठी मोडीत. नाळेवरचा पुतळा तेवढा साउदॅम्प्टनच्या समुद्रविज्ञान केंद्रात आहे. त्रिस्तान दा कुन्यानं पुढे जहाजाचं चित्र तिकिटावर छापलं. समुद्रतळावरच्या सगळ्यांत खोल जागेला ‘चॅलेंजर डीप’ हे नाव १९५१ मध्ये तिची खोली मोजणाऱ्या त्याच नावाच्या नंतरच्या जहाजावरून पडलं; दोघांची गल्लत फार होते.

ज्याला ही सफर वाचायची आहे, त्यानं मॅटकिनच्या पत्रांपासून सुरुवात करावी. मग कॅम्पबेल. जर्मन येत असेल तर विलेमोस-झूम. अहवालाचे खंड त्यानंतर उघडावेत, म्हणजे प्रत्येक नमुन्यामागे दोर ओढणारे हात कुणाचे होते, ते माहीत असेल.